शाखांपर्यंत विंडोज अपडेट: डब्ल्यूएसयूएस, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन की कनेक्टेड कॅशे?

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे खरी झुंबड बुधवारी सकाळी, ऑफिस उघडल्यावर. समजा शाखेत 40 मशीन आहेत, लाइन 10 एमबीपीएसची आणि अपडेट 600 एमबीचं. प्रत्येकाने आपापलं बाहेरून ओढलं तर लाइन पाच तासांहून जास्त वेळ भरलेली राहणार. एकच प्रत आली आणि आतल्या आत वाटली गेली, तर बाहेरच्या लाइनवर काम आठ मिनिटांचं. शीर्षकातले तिन्ही हे साधायचे मार्ग आहेत.

डब्ल्यूएसयूएस (विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस) म्हणजे आपल्याच सर्व्हरवरून अपडेट वाटायची सोय. त्याची ताकद मंजुरीत आहे. आधी चाचणीच्या मशीनवर, मग सगळीकडे, हे तुम्ही ठरवता. पण फक्त मुख्यालयात सर्व्हर ठेवला तरी शाखेकडे 40 प्रती जातातच. शाखेत रेप्लिका, म्हणजे त्याच सर्व्हरची दुसरी प्रत, ठेवली की डिस्क, डेटाबेसची साफसफाई, पॅचिंग सगळं मागे लागतं. सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने यात नवी सोय येणार नाही असं जाहीर केलं, सपोर्ट मात्र चालू आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये यातल्या गंभीर त्रुटीसाठी तातडीचा पॅच काढावा लागला. इंटरनेटपासून पूर्ण तोडलेल्या नेटवर्कला मी आजही हाच सुचवेन, कारण डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनला (मशीननी एकमेकांकडून अपडेट घ्यायची सोय) शेजारची मशीन शोधायला मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा लागते.

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनला शाखेत सर्व्हर नको, ते विंडोज 10 आणि 11 मध्येच आहे. मशीन एकमेकांकडून तुकडे घेतात आणि प्रत्येक तुकडा हॅशने, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याने, तपासला जातो. घोळ होतो तो मोडमध्ये, म्हणजे शेजारी कुणाला मानायचं या सेटिंगमध्ये. लॅन मोड एकाच पब्लिक आयपीमागच्या (इंटरनेटवर दिसणारा पत्ता एकच असलेल्या) मशीनना शेजारी मानतो. सगळ्या शाखांचं इंटरनेट पुण्याच्या मुख्यालयातून जात असेल, तर कोल्हापूर आणि नागपूर त्याच्या लेखी एकाच खोलीत! मग जी लाइन वाचवायची, तिच्यावरूनच मशीन एकमेकांना फाइल देत बसतात. अशा ठिकाणी ग्रुप मोड घ्या आणि ग्रुप अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (कंपनीतल्या मशीन आणि खात्यांची मध्यवर्ती नोंद) साइटवरून, म्हणजे तिच्यात ठिकाणानुसार आखलेल्या गटावरून, किंवा डीएचसीपीच्या (मशीनना नेटवर्कचा पत्ता देणारी सेवा) ऑप्शन 234 मधून ठरवा. साइट नीट आखलेल्या नसतील तर आधी त्या आखा, हे काम टाळून पुढे जाता येत नाही. शिवाय बॅटरीवरचा लॅपटॉप मूळ सेटिंगमध्ये इतरांना काही देत नाही, आणि वाय-फायवर क्लायंट आयसोलेशन (मशीनना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं सेटिंग) असेल तर शेजारी दिसतच नाहीत.

कनेक्टेड कॅशे म्हणजे शाखेतल्या विंडोज किंवा लिनक्स मशीनवर बसवलेला साठा: पहिल्याने मागितलं की उतरतं, बाकीच्यांना तिथूनच मिळतं. विंडोजचा एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन परवाना आणि अझूर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) खातं लागतं. मशीन खूप असतील किंवा सगळा कारभार लॅपटॉपवर असेल तर घ्या. दहा-पंधरा डेस्कटॉपच्या शाखेत त्याची गरज नाही.

मंजुरीसाठी डब्ल्यूएसयूएस ठेवून डाउनलोड डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनने, असंही चालतं. आज डब्ल्यूएसयूएस चालू असेल तर मी इथूनच सुरुवात करेन. आधी एकाच शाखेत लावा आणि बुधवारी दुपारी सेटिंग्जमधला अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. स्थानिक नेटवर्कवरून आलेला वाटा शून्य दिसला, तर पहिल्यांदा फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट 7680 उघडा आहे का ते बघा.