एपीआयचं टेस्ट किट: नव्या फिशटँकची पहिली खरेदी

नव्या टँकबरोबर पाणी माशांसाठी तयार करणाऱ्या बॅक्टेरियाची बाटली बहुतेक जण घेतात, पाणी तपासायचं किट मात्र सहसा राहून जातं. हा क्रम उलटा हवा. सांगली-मिरजेत दुकानात मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा, पण एपीआय या ब्रँडचं फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट मासे आणण्याआधी घरात असू द्या.

पेटीत ७ बाटल्या, ४ काचेच्या नळ्या आणि रंगतक्ता येतो. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, काही पुढे नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी आणि डोळ्यांना न दिसणारे, म्हणून नितळ पाण्यातही मासे दगावतात.

अमोनियासाठी ५ मिली पाण्यात दोन्ही बाटल्यांचे ८-८ थेंब टाका, ५ मिनिटं थांबा. पिवळा रंग म्हणजे शून्य, हिरवट झाक आली की अमोनिया आहे. नायट्राइटला ५ थेंब पुरतात. आकाशी ठीक, जांभळट वाईट. चुका होतात त्या नायट्रेटला. त्याच्या दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं. ती ३० सेकंद जोरात हलवायची, १० थेंब टाकल्यावर नळीही पूर्ण मिनिटभर हलवायची. यात कंटाळा केला तर नायट्रेट खूप कमी दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो. बाटली उभी धरा म्हणजे थेंब सारखे पडतात, नळीला बोट न लावता टोपणच लावा, रंग दिवसाच्या उजेडात बघा. रसायनं तीव्र आहेत, मुलांच्या हाती देऊ नका.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हाय रेंज पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) चाचणी टाळू नये, कारण साधी चाचणी ७.६ लाच संपते. किट एकूण अमोनिया दाखवतं, त्यातला घातक भाग पीएच ठरवतो: ७ च्या तुलनेत ८ ला तो जवळजवळ दहापट. म्हणून अमोनियाचा ०.५ पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग) हा आकडा दोन घरांत सारखाच घातक नसतो. ऊसपट्ट्यात खतांमुळे बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असू शकतं, तेही आधी तपासून लिहून ठेवा.

सुरुवातीला दिवसाआड तपासा. अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट तसंच करतं, आणि दोन्ही शून्यावर राहून नायट्रेट वाढू लागलं की टँक तयार. साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मासे आधीच सोडले असतील तर अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएम दिसताच पाव ते निम्मं पाणी बदला, क्लोरीन काढलेलंच घाला. बाटलीतले बॅक्टेरिया जिवंत होते का, हेही इथेच कळतं. उन्हात तापून बॅक्टेरिया मेलेल्या बाटलीने आकडे हलत नाहीत.

उणीव एकच, पण मोठी: केएचची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेट क्षारांची) चाचणी यात नाही. बॅक्टेरिया काम करताना केएच खर्च करतात. तो संपला की पीएच कोसळतो आणि अमोनियाचं नायट्रेट होण्याचं चक्र मंदावतं. बोअरच्या जड पाण्यात हा त्रास सहसा नाही, नुसतं आरओचं पाणी भरणाऱ्यांनी केएच किट वेगळं घ्यावं.

कागदी पट्ट्या झटपट असतात, पण बहुतेक पाकिटांत अमोनियाची चाचणीच नसते, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त गरज तिचीच असते.