पिकअपसाठी घरचा सबवूफर बॉक्स: बंद की पोर्टेड, आणि अ‍ॅम्प बसवायचा कुठे?

सबवूफरची, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, गोष्ट निघाली की वाद लगेच बंद बॉक्स की पोर्टेड (नळी बसवलेला) यावर जातो. पिकअपवाल्याने मात्र आधी टेप घेऊन मागचं सीट उचलावं. सेडानला डिकी असते, एसयूव्हीला मागे ऐसपैस जागा असते. पिकअपमध्ये जे बसवायचं ते मागच्या सीटखाली, नाहीतर सीटची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यामधल्या सापटीत. पेटी उघड्या हौद्यात ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. पावसापाण्यात ती टिकणार नाही आणि दणका रस्त्यावरच्या लोकांनाच जास्त ऐकू येईल. मोठ्या मालवाहू ट्रकसाठी बॉक्स बनवणाऱ्यांनी आणखी एक बघावं: अशा गाड्यांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते आणि कार अ‍ॅम्प, म्हणजे सबवूफरला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, १२ व्होल्टवर चालतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह होतो, पण मग ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जादा चार्ज होते. तिथे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच लावावा.

आता मुख्य वाद. बंद बॉक्समध्ये कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखं काम करते आणि कोनला, म्हणजे सबवूफरच्या पुढेमागे हलणाऱ्या भागाला, आवरून धरते. पोर्टेडमध्ये कोनच्या मागच्या बाजूचा आवाजही नळीतून बाहेर काढून वापरात आणला जातो. ही नळी म्हणजेच पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो, तिच्या आसपास त्यामुळे साधारण ३ डेसिबल जादा मिळतात. म्हणजे तेवढ्या पट्ट्यात अ‍ॅम्प दुप्पट ताकदीचा घेतल्यासारखंच झालं. हे ऐकून कोणीही पोर्टेडकडे झुकेल. पण त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली गेलं की बंद बॉक्सचा आवाज दर ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डेसिबलने उतरतो, तर पोर्टेडचा २४ ने. शिवाय तिथे कोनला मागून आधार उरत नाही. फार खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा सबसॉनिक फिल्टर लावला नाही आणि आवाज वाढवला, तर कॉइल आपटून सबवूफर जातो.

पिकअपची बंद केबिन स्वतःच खालचा बेस उचलते, ही बाब अनेकांच्या हिशेबातून सुटते. आवाजाची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीहून मोठी झाली की हा फायदा सुरू होतो. केबिन आतून २ मीटर लांब धरली, तर तो सुमारे ८५ हर्ट्झपासून खाली मिळायला लागतो, आणि कागदावर त्याचाही चढ दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलच येतो. बंद बॉक्स जितका उतरतो, तितकंच केबिन भरून काढते. काचा, दारं, पत्र्याची थरथर यांत यातलं बरंच गळतं, तरी छोट्या केबिनमध्ये बंद बॉक्स अपेक्षेपेक्षा खूप खाली पोचतो.

जागेचा हिशेब एकदा आकड्यांनीच करून बघू. सीटखाली ११० सेंटिमीटर रुंद, ३० खोल आणि २० उंच पेटी बसते असं धरा. बाहेरून ती ६६ लिटर भरते. १८ मिलिमीटरचं लाकूड वापरलं तर आतली मापं १०६.४, २६.४ आणि १६.४ उरतात, म्हणजे ४६ लिटर. २० लिटर नुसत्या लाकडानेच खाल्ले! त्यातून सबवूफरचं स्वतःचं धूड आणि आतल्या आडव्या पट्ट्या वजा केल्या की हातात ४३ लिटर राहतात. बंद बॉक्समध्ये १२ इंची सबवूफरला साधारण २८ लिटर, म्हणजे १ घनफूट, पुरतात. तेव्हा घनफळ एका १२ इंचीला आरामात पुरतं, पण १२ इंच म्हणजे ३०.५ सेंटिमीटर, ते ३० खोल पेटीवर मावत नाहीत; म्हणून मध्ये पडदी घालून दोन १० इंची.

याच ४३ लिटरला पोर्टेड करून ३२ हर्ट्झला ट्यून करायचं, तर १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ४६ सेंटिमीटर लांब लागते. ती पेटीत बसते, पण तिच्यापायी आणखी ४ लिटर जातात, आणि तेवढी जागा भरून काढायला पेटी मोठी करायची तर सीट बसत नाही. नळीच्या आतल्या तोंडासमोर निदान तिच्या व्यासाइतकी मोकळी जागाही ठेवावी लागते. बारीक नळी लावून सुटका करून घेऊ म्हणाल, तर जोराच्या ठोक्याला हवा फसफसते, तो आवाज सीटखालूनही ऐकू येतो. मागचं सीट काढूनच टाकायचं असेल, गाडीत दोघंच बसत असतील आणि गाण्यात दणकाच हवा असेल, तर पोर्टेड बेलाशक करा. सीट ठेवायचं असेल तर माझं मत बंद बॉक्सच्या बाजूने आहे, आणि ते फारसं डळमळत नाही.

सबवूफर निवडताना व्यासाआधी त्याची बसण्याची खोली बघा. आपल्या पेटीत आतली उंची १६.४ आहे; चुंबकामागे हवेसाठी छिद्र असेल तर तिथे दोन-तीन सेंटिमीटर सोडावे लागतात. कोन खाली तोंड करून बसवला, तर जमिनीपासूनही ४-५ सेंटिमीटर हवेत, म्हणजे पेटीची उंची आणखी घटली. सीटखाली कमी खोलीचे सबवूफर लोक घेतात ते यासाठीच. सीटमागे बसवायची तिरपी पेटी केली तर आवाज बिघडेल ही भीती मात्र सोडा. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळपास ७ मीटर असते, तिला पेटीचा आकार कळतही नाही. तिला कळतं ते घनफळ. तिरप्या पेटीला वरची आणि खालची आतली खोली मिळवून निम्मी करा, उंची-रुंदीने गुणा, झालं.

एमडीएफ की प्लाय? एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, स्वस्त, सपाट, कापायला सोपं. पण जड, आणि पाण्याने फुगलेलं एमडीएफ परत पहिल्यासारखं होत नाही. पिकअपमध्ये चिखलाचे बूट सीटखालीच सरकतात. शिवाय त्याच्या कडेत आधी बारीक भोक न पाडता स्क्रू पिळला की पदर सुटतात. चांगला बर्च प्लाय हलका असतो, स्क्रू घट्ट धरतो. हलक्या प्रतीच्या प्लायमध्ये मात्र थरांत पोकळ्या असतात आणि त्या कुरकुरतात. खर्च झेपत असेल तर प्लाय घ्या. एमडीएफ घेतलं तर तळ आणि कडा सीलर लावून बंद करा, कापताना मास्क लावा. फायबरग्लास वेड्यावाकड्या सापटीत सुरेख बसतं, पण पहिल्याच कामाला त्याच्या वाटेला जाऊ नये.

अ‍ॅम्पसाठी तीन जागा पुढे येतात. पेटीच्याच अंगावर बसवणं सर्वात सोपं, म्हणून सगळे तेच करतात. पण दिवसभर हादरे खाऊन जोडण्या ढिल्या होतात आणि अ‍ॅम्पचे स्क्रू पेटीत आरपार गेले तर हवा गळते. सीटखाली वायर कमी लागते, पण तिथे पाणी आणि कचरा, शिवाय हवाही खेळत नाही. सीटमागे मागच्या पत्र्यालगत उभी प्लायची फळी मला सर्वात पटते. अ‍ॅम्पच्या अंगावरच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या उभ्या दिशेत ठेवल्या की गरम हवा आपोआप वर निघून जाते. अ‍ॅम्पच्या दोन जाती: क्लास डी अ‍ॅम्प ८० टक्क्यांच्या वर वीज कामाला लावतो, क्लास एबी पूर्ण जोरात ६० च्या आसपास. बाकीची सगळी उष्णता. कोंदट जागा असेल तर क्लास डीच घ्या. लोखंडी पट्टीच्या रॅकपेक्षा फळी बरी, कारण अ‍ॅम्पची बॉडी गाडीच्या पत्र्यापासून आपसूक वेगळी राहते आणि इंजिनची घरघर स्पीकरमध्ये शिरायची एक वाट बंद होते.

वायरिंगमध्ये काटकसर नको. १००० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी पूर्ण जोरात १३.८ व्होल्टवर ९० अँपिअर ओढतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तेव्हा ती घेतलीच तर एक-दोन मापं जाड घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो वायर जळू नये म्हणून असतो, अ‍ॅम्पसाठी नव्हे. अर्थिंग करताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट करा.

पेटी आणि फळी दोन्ही बोल्टने बांधा. २५ किलोची सुटी पेटी जोरात ब्रेक लागला की पुढच्या माणसाच्या पाठीत येते. सीटच्या मूळ बोल्टांवर कंस अडकवता आले तर उत्तम, पण सीटबेल्टचे बोल्ट उघडू नका. नवं भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते बघा. आणि लाकूड कापण्याआधी जॅक कुठे ठेवलाय तेही बघून घ्या. बऱ्याच पिकअपमध्ये जॅक, पाना आणि स्टेपनी उतरवायचा दांडा मागच्या सीटखाली किंवा सीटमागेच असतो. पेटी त्या बाजूने १५ सेंटिमीटर आखूड केली तर आपल्या मापात ६-७ लिटर जातात, आणि उरलेली जागा १० इंची सबवूफरला तरीही पुरते.