घरच्या कामासाठी २४ इंची आयपीएस मॉनिटर

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातील दुकानात दहा हजार रुपयांच्या आत मॉनिटर पाहताना २७ इंची पडद्याचा मोह होतो. परंतु १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे ठिपके, तेवढ्या पडद्यावर पसरले, की एका इंचात जेमतेम ८२ उरतात, तर २४ इंची पडद्यावर ते सुमारे ९२ भरतात. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक चटकन जाणवतो, कारण बारीक टाइपात अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे पाय आधी पुसट होतात. म्हणूनच दुकानात मराठी वर्तमानपत्राचे पान उघडून आम्ही २४ इंची आयपीएस (पडद्याच्या पॅनलचा एक प्रकार) मॉनिटर निवडला आणि ती निवड योग्य ठरली.

आयपीएस पडद्याकडे बाजूने पाहिले तरी रंग फिके पडत नाहीत, त्यामुळे दोन मुले शेजारी बसून अभ्यास करू शकतात. अंधारात चित्रपट पाहताना मात्र काळा रंग राखाडी दिसतो. ज्यांना तेच महत्त्वाचे वाटते, त्यांनी काळा रंग अधिक गडद दाखवणारे व्हीए प्रकारचे पॅनल पाहावे. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हाच्या दिवसांतही घरात २५० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजळपणाचे माप) प्रकाश पुरतो, पण पडदा मॅट हवा आणि टेबल खिडकीसमोर नको.

स्टँडची उंची बदलत नाही, ही खरी उणीव आहे. संगणकाशी जोडणी जुन्या व्हीजीए केबलऐवजी एचडीएमआय केबलने करावी, अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. पैसे देण्यापूर्वी पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मृत, म्हणजे बिघडलेले, पिक्सेल तपासावेत आणि त्याबाबतची वॉरंटीची अट बिलासोबत लेखी घ्यावी.