बागेतली फुकटची जिम: चकती सोडा, चाक धरा

महापालिकेच्या बागेतल्या ओपन जिमबद्दल कुणी चांगलं-वाईट लिहीत नाही. फुकट आहे ना, मग कशाला बोलायचं! पण फुकट कुठली? घरपट्टी भरतोच की आपण. म्हणून आमच्या कॉलनीमागच्या बागेतली यंत्रं वापरून माझं जे मत झालं, ते लिहिते.

माझं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायचं दुकान आहे. दिवसभर मान खाली, उजवा खांदा वर आणि पाय पायट्यावर. पन्नाशी आली तशी साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागणार नाही, ताकदीचंही काहीतरी करा. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते: मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम. दम किती लागावा? चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, इतका. हे मला जमण्यासारखं होतं. पण बंद जिम लावायची तर आमच्याकडे महिन्याला हजार-बाराशे, वर तीन महिन्यांचे एकदम भरा म्हणतात. लग्नसराईत मला जेवायला वेळ नसतो, तिथं सात ते आठची बॅच कोण गाठणार? बाग मात्र माझ्या घराच्या आणि मंडईच्या मधोमध आहे. जाताना वीस मिनिटं, भाजी घेऊन घरी. वेगळा वेळ काढावा लागत नाही, हा या जिमचा पहिला गुण आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. यंत्रांचं कौतुक त्यानंतर.

आता यंत्रं. सगळ्यात गर्दी असते ती एअर वॉकरवर. दोन पायट्यांवर उभं राहायचं आणि पाय पुढं-मागं सोडायचे. मजा येते, घाम फारसा येत नाही. एकदा झोका लागला की पुढचं काम झोकाच करतो. सकाळी आखडलेलं खुब्याच्या सांध्याचं बिजागर मोकळं करायला दोन-तीन मिनिटं ठीक. त्यावर अर्धा तास उभं राहून ‘आज पाच किलोमीटर झालं’ म्हणणाऱ्या काकू आमच्याकडे आहेत, त्यांना मी काही बोलत नाही. एकच सांगते: पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका, आणि समोर लहान पोर उभं असेल तर चढूच नका. लोखंडी पायटा पोराच्या बरोबर तोंडाच्या उंचीवर येतो.

दुसरी लाडकी वस्तू म्हणजे कमरेची चकती. गोल तबकडीवर उभं राहून कंबर डावी-उजवीकडे फिरवायची. पोट कमी होतं म्हणून बायका तिच्यासाठी रांग लावतात. पोटाजवळची चरबी पोट हलवून जात नाही. चरबी उतरते तेव्हा सगळ्या अंगाची उतरते, कुठून आधी जायचं ते शरीर ठरवतं. मी रोज लोकांच्या कमरेची मापं घेते, तेव्हा या विषयात माझा थोडा अधिकार आहे. चकतीवाल्या एकीचंही माप चकतीमुळं घटलेलं मी पाहिलं नाही. उलट ज्यांना मणक्याचा, गादी सरकण्याचा त्रास आहे त्यांनी झटके देत फिरणं म्हणजे दुखणं विकत घेणं. पूर्ण जिममध्ये ही एक वस्तू नसती तरी चाललं असतं.

खांद्याचं चाक मात्र सोनं आहे. बसच्या स्टिअरिंगएवढं चाक खांबावर उभं बसवलेलं असतं, मुठीला धरून हळूहळू पूर्ण गोल फिरवायचं. वजन काही नाही, पण हात डोक्याच्या वर जाऊन खाली येतो, आणि माझ्यासारखीचा हात दिवसभरात एरवी तिकडं जातच नाही. चाळिशी ते साठीत खांदा आखडण्याचं दुखणं फार, त्यातून साखर असेल तर जास्तच. आधी मला मागचं हुक स्वतः लावता यायचं नाही. आता येतं. एवढंच प्रशस्तिपत्रक पुरे. खांदा आधीच पूर्ण धरलेला असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय चाकाला हात लावू नका.

लेग प्रेसवर जरा सविस्तर बोलते, कारण तो सगळे वापरतात आणि बहुतेक जण वाया घालवतात. सीटवर बसायचं, समोरच्या पट्टीवर तळवे टेकायचे आणि ढकलायचं. पट्टी जागची हलत नाही, आपणच सीटसकट मागे जातो. म्हणजे वजन आपलंच, आणि तेही पुरतं नाही. दांड्यांच्या जोडणीमुळं त्यातला काही भागच मांडीवर येतो. बंद जिमसारखी चकत्या घालून वजन वाढवायची सोय नाही. त्यामुळं थोड्याच दिवसांत सोपं वाटायला लागतं आणि मग गप्पा मारत मारत शंभर-शंभर होतात. त्याचा उपयोग गप्पांना. त्यापेक्षा एकच पाय टेका, दुसरा हवेत. ढकलून झालं की परत येताना सीट धाडकन आपटू देऊ नका, मनात चार मोजत या. दहाव्या वेळेला मांडी थरथरली तर काम झालं. मांडीचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी, जेवणानंतर रक्तात आलेली साखर खाणारेही तेच. साखरवाल्यांनी चकतीपेक्षा इथं वेळ घालवावा. गुडघ्यातून कळ येत असेल तर मात्र तिथंच थांबा.

छाती दाबायचं आणि वरून ओढायचं अशी दोन यंत्रं याच जातीची, आपलंच अंग उचलणारी. बरी आहेत. सायकलीचा एक पायडल गेलेला आहे आणि उरलेला हवेत फिरतो. पोटाचे व्यायाम करायचा लोखंडी बाक वाकडा आहे, आणि एप्रिल-मेमध्ये दहानंतर त्यावर पापड भाजावा.

यंत्रं एवढी हलकी का, याचं उत्तर ती आली कुठून त्यात आहे. चीननं १९९५ मध्ये लोकांच्या तंदुरुस्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि मग वस्त्यावस्त्यांत अशी रंगीबेरंगी यंत्रं बसवली. तिथं त्यांच्यावर जास्त करून वयस्कर मंडळीच दिसतात. सांधे हलते राहावेत, माणसं घराबाहेर यावीत एवढा माफक हेतू. आपल्याकडे तीच यंत्रं आली आणि पंचवीस वर्षांची पोरं त्यावर बायसेप शोधतात.

खरा जोर हवा असेल तर यंत्रांच्या मागे, कडुलिंबाखाली दोन साधे लोखंडी बार आहेत तिकडं जा. त्यात फिरणारं काही नाही, म्हणून बिघडणारंही काही नाही. छातीएवढ्या बारवर हात टेकून तिरके जोर काढता येतात. जमिनीवरचे जोर जमत नाहीत त्या बायकांना हे जमतात. उंच बारला नुसतं लोंबकळायचं, पाय हवं तर टेकलेले ठेवा. दिवसभर कात्री धरणाऱ्या बोटांना बळ येतं आणि पाठ ताणली जाते. शेजारी सिमेंटचा बाक आहे. त्यावरून हात न टेकता उठायचं, परत बसायचं. झाली बैठक. तीस सेकंदांत अशा किती वेळा उठता येतं, त्यावरून म्हाताऱ्या माणसांच्या पायांतली ताकद तपासतात. सासूबाईंना मी हेच शिकवलं, त्या यंत्रांकडे बघतसुद्धा नाहीत.

माझं माहेर कोल्हापूरचं. भाऊ तालमीत जायचे, जोर-बैठका मारायचे, शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत कुस्त्या बघायला पुढं जाऊन बसायचे. आम्हा बहिणींचा व्यायाम म्हणजे पाण्याच्या घागरी आणि धुणं. या बागेत सकाळी साडेसहाला बघा, पुरुषांपेक्षा बायका जास्त. ना फॉर्म, ना फोटो, ना ट्रेनर. ‘वहिनी, झालं का तुमचं?’ एवढं विचारलं की यंत्र मिळतं. बाकांवर पेपर वाचायच्या निमित्तानं बसणारे दोन-चार बघे असतात, पण आपण दहा जणी असलो की तेच उठून जातात.

कपड्यांचं सांगते, ते माझं खातं आहे. साडी नेसून एअर वॉकरवर चढू नका, निऱ्या पायट्यात येतात. ओढणी असेल तर कमरेला गच्च बांधा. चाकाच्या किंवा दांड्यांच्या सांध्यात तिचं टोक गेलं तर मान ओढली जाईल. मी स्वतःसाठी गुडघ्यापर्यंतचा, दोन्ही बाजूंनी उंच चिरा असलेला, मोबाईल आणि सुट्टे पैसे मावतील एवढ्या खिशाचा कुर्ता शिवला. तो बघून बागेतूनच ऑर्डरी आल्या. व्यायामाचा हा फायदा डॉक्टरांनी सांगितला नव्हता. पायात बूट हवेतच असं नाही, पण सपाता नकोत. पावसाळ्यात यंत्रांखाली शेवाळ धरतं.

तक्रारी दोन. पहिली देखभालीची. लेग प्रेस किंचाळतो. मशीनचं तेल घेऊन गेले आणि सांध्यात सोडून बघितलं. पण बेअरिंग बंद प्रकारचं आहे, बाहेरून तेल आत जातच नाही, ते बदलावंच लागतं. नटांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या गेल्यात, उघडी टोकं पोटरीला लागतात. अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार केली. चार दिवसांत ‘निकाली’ असा मेसेज आला आणि यंत्र आहे तसंच किंचाळतंय. दुसरी तक्रार फलकांची. ‘यांच्या प्रयत्नांतून’ हा फलक लांबून वाचता येतो, पण यंत्र कसं वापरायचं ते बोटभर अक्षरांत आणि इंग्रजीत. कुठला व्यायाम कुणी करू नये हे मराठीत चार ओळींत लिहिलं असतं तर एवढी पाठीची दुखणी आली नसती.

फाटकाबाहेर रसवाला असतो: कारलं, दुधी, आवळा, गव्हांकूर. आवळ्याचा घेते कधीमधी. दुधीच्या रसाबद्दल मात्र सावध राहा. दुधी कडू निघाला तर त्यात विषारी द्रव्य असतं, उलट्या आणि रक्तस्राव होऊन माणसं दगावलेली आहेत. कडू दुधीचा रस पिऊ नये असा इशारा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं दिला होता. ‘औषध कडूच असतं’ म्हणून घशाखाली घालू नका, थुंकून टाका. कारल्याबरोबर मिसळून देतात तिथं तर कडवटपणा कुणाचा हेही कळत नाही. मी त्यापेक्षा मंडईतून दुधी घेते, घरी चिरताना तुकडा चाखते आणि चणाडाळ घालून भाजी करते.

गुण द्यायचे तर जागेला पाचपैकी पाच, चाकाला पाच, लेग प्रेसला साडेतीन (किंचाळण्याचा दीड कापला), एअर वॉकरला दोन, चकतीला शून्य. बार आणि बाकाला कितीही द्या.

बाग सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ उघडी असते. संध्याकाळी डास फार, आणि यंत्रांकडचा दिवा बंदच असतो, तेव्हा सकाळीच या. साडेसातनंतर मुलांना शाळेत सोडून आलेल्या आयांची गर्दी होते, चाक मिळत नाही. रविवारी तर पोरं यंत्रांवर माकडांसारखी लोंबकळतात, त्या दिवशी बारकडेच जा. भाजीची पिशवी अडकवायला लेग प्रेसच्या मागच्या खांबाला एक हुक आहे, पण कोथिंबीर वर ठेवा, खाली मुंग्या आहेत.