ओटू सेन्सर बदलायचा की आधी अर्थिंग बघायचं?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पडद्यावर पी ०१३१ (सेन्सरचा सिग्नल फार कमी) किंवा पी ०१३५ (सेन्सरच्या हीटरमध्ये दोष) असं कोड उमटतं आणि निदान तयार: "ओटू सेन्सर गेलाय, नवा टाकावा लागेल." ओटू म्हणजे ऑक्सिजन; हा सेन्सर इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन बघून पेट्रोल-हवेचं मिश्रण कसं आहे ते सांगतो. नवा सेन्सर म्हणजे काही हजारांचं काम. दुसरा रस्ता अर्थिंगचा, म्हणजे इंजिन, बॉडी आणि बॅटरीचं माइनस जोडणाऱ्या वायरींचा: पॉलिश पेपर, फार तर एक नवी अर्थ वायर आणि तासाभराची मजुरी. यातला कुठला घ्यायचा ते नुसत्या कोडवरून ठरवू नका. ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत, काय पोचलं एवढंच कोड सांगतो. चूक सेन्सरची की वाटेतल्या वायरीची, हे त्यालाही ठाऊक नसतं.

साध्या, झिरकोनिया या सिरॅमिकच्या सेन्सरचा सगळा कारभार एका व्होल्टच्या आत चालतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की ०.९ च्या आसपास, हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास, आणि मधली सीमा ०.४५ व्होल्ट. आता इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी गंजली आणि तिच्यात ०.०१ ओहम इतका क्षुल्लक अडथळा आला असं धरा. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर मिळून ३० अँपियर ओढत असतील, तर त्या पट्टीवर ०.३ व्होल्ट पडतात. वीज बनवणारा अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असल्यामुळे हा करंट बॉडीकडून इंजिनकडे परततो, म्हणजे इंजिन ब्लॉक बॉडीपेक्षा ०.३ व्होल्टने खाली जातो. सेन्सरचं माइनस ब्लॉकवर आणि ईसीयूचं बॉडीवर असेल, तर सेन्सरचे ०.९ ईसीयूला ०.६ दिसतात आणि ०.४५ चे ०.१५ होतात. ईसीयूला वाटतं हवा जास्त आहे, म्हणून तो पेट्रोल ओतत राहतो. अ‍ॅव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात. नवा सेन्सर बसवला तरी तोही तेच आकडे दाखवणार, कारण बिचारा खोटं बोलतच नव्हता.

मात्र हे सगळ्या गाड्यांना सारखं लागू नाही. सेन्सरला किती वायरी आहेत ते आधी मोजा. एक किंवा तीन वायरींच्या सेन्सरचं माइनस त्याच्या आट्यांतून सायलेन्सरच्या पाइपात आणि तिथून ब्लॉकवर जातं, त्यामुळे वरचा हिशेब इथे थेट लागू पडतो. आजच्या बहुतेक गाड्यांत चार वायरी असतात: दोन हीटरच्या (सेन्सरला लवकर तापवणाऱ्या), एक सिग्नलची आणि एक सिग्नलचं स्वतंत्र माइनस, जे सरळ ईसीयूत जातं. अशा गाडीत ब्लॉकची पट्टी कितीही कुजली तरी सिग्नल सहसा ढळत नाही. तिथे अर्थिंगचा फटका हीटरला बसतो. हीटरचा करंट बहुतेक गाड्यांत ईसीयू माइनसच्या बाजूनेच चालू-बंद करतो. ईसीयूचा स्वतःचा अर्थ पॉइंट सैल असला की हीटर अर्धवट तापतो आणि पी ०१३५ किंवा मागच्या सेन्सरचा पी ०१४१ येतो. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून थंड इंजिनावर तक्रार जास्त. पण हे दोन कोड दिसले की अर्थिंगच्याही आधी हीटरचा फ्यूज बघा. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरलं जाणारं काम आहे.

मग कल कुठे झुकतो? दिवा पावसाळ्यात लागतो आणि उन्हाळ्यात विझतो, हेडलाइट-ब्लोअर लावले की इंजिन अडखळतं, एकदम तीन-चार असंबद्ध कोड येतात, सेल मारताना इंजिन जड फिरतं: यातलं काही असेल तर मी सेन्सरला हात लावणार नाही. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या गाड्यांना तर आधी अर्थिंगच. खाऱ्या हवेत तांब्याच्या वायरीला आतून हिरवा खार धरतो आणि वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली जुनी गाडी घेतली असेल तर तिथेही हेच. उलट कोड एकच, तोही पी ०१३३, म्हणजे सेन्सर सुस्त झाल्याचा, गाडी दीड लाख किलोमीटर धावलेली आणि इंजिन तेल पीत असेल, तर अर्थिंगमागे धावण्यात अर्थ नाही. तो सेन्सर म्हातारा झालाय.

तपासणी मल्टिमीटरने करा, पण ओहमवर ठेवून नव्हे. या चुकीपायी चांगले चांगले वायरमन फसतात. पन्नास तारांपैकी दोनच शिल्लक असल्या तरी ओहममध्ये वायर ठणठणीत दिसते, कारण मीटर तिच्यातून नावालाच करंट सोडतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या माइनस खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. लाल पिन ब्लॉकच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर पट्टी चांगली, ०.२ च्या वर गेला तर दोष सापडला. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर गोंधळू नका, बॅटरी चार्ज होत असताना तसंच दिसतं. मग हीच मोजणी बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते ब्लॉक अशी करा. तीन आकड्यांत कुठला जोड कुजलाय ते उघडं पडतं.

दोष सापडला की दोन मार्ग. एक, आहे तीच वायर सोडवून थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि बॉडीची जागा चकचकीत होईपर्यंत घासणं, घट्ट आवळणं आणि वरून ग्रीस लावणं. थिंबलजवळ वायर वाकवून पाहा. करकर वाजली किंवा आतून हिरवी पूड पडली तर घासण्यात वेळ घालवू नका, वायरच बदला. दुसरा मार्ग जादा अर्थ वायर ओढण्याचा. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत रंगीत अर्थिंग किट मिळतात, पिकअप वाढतो असं सांगून विकली जातात. मूळ अर्थिंग चांगलं असेल तर त्यातून काहीच वाढत नाही. तपासणीपुरती जम्पर केबल ब्लॉक आणि बॅटरीच्या माइनसला लावून पाहणं मात्र उत्तम: आकडा सुधारला तर निदान पक्कं. चार वायरींच्या सेन्सरचं सिग्नल माइनस बॉडीला जोडून देण्याचा 'जुगाड' कुणी सुचवला तर नको म्हणा. क्रायस्लरच्या काही गाड्यांत ती वायर मुद्दाम २.५ व्होल्टवर ठेवलेली असते; तिथे तिला अर्थ केलं तर नवाच घोटाळा होतो.

सेन्सर बदलण्याच्या बाजूने एवढंच म्हणेन की ते झटपट होतं आणि जुन्या गाडीत कधी ना कधी करायचंच असतं. पण त्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांना) गळती नाही ना, हे बघा. सेन्सरच्या आधी फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडे अगदी बिघडलेल्या अर्थिंगसारखे दिसतात. स्कॅनरवर सिग्नल ०.४५ ला खिळून बसला असेल, तर अनेक गाड्यांत ती तुटलेल्या वायरीची खूण असते. सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) उघडून पिना पाहा. वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) असेल तर हे आकडे विसरा, त्याची भाषा वेगळी. त्याला बहुधा पाच-सहा वायरी असतात.

नवाच घ्यायचा ठरला, तर तुमच्या गाडीचा तयार कपलरवाला घ्या, थोडा महाग पडला तरी. युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त असतो, पण त्याच्या वायरी कापून जोडाव्या लागतात. सेन्सरला आतून बाहेरची हवा लागते आणि ती अनेकदा याच वायरींच्या तारांमधून येते. तिथे सोल्डर ओतला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं की ती वाट बुजते. जोड द्यावाच लागला तर क्रिंपनेच, म्हणजे धातूची नळी दाबून, द्या.