मराठी टायटल अक्षर-अक्षर ॲनिमेट करायचंय: आफ्टर इफेक्ट्स, रिझॉल्व्ह की ब्लेंडर?

इंग्लिश टायटल असेल तर फार विचार करू नका, जे सॉफ्टवेअर येतं त्यात करा, तिन्हींत अक्षरं एकेक करून छान आत येतात. मराठी टायटल असेल तर मात्र हिशोब बदलतो. "स्वातंत्र्य" हा शब्द घ्या, आपण तो तीन अक्षरांत वाचतो, स्वा, तं, त्र्य, पण कॉम्प्युटरकडे तो युनिकोडचे (अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीचे) 11 तुकडे म्हणून असतो: स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, परत त, हलन्त, र, हलन्त, य. सॉफ्टवेअरने हे 11 तुकडे एकेक करून दाखवले की मधेच पाय मोडलेला स दिसतो, मग अचानक स्व होतो, मग काना येऊन चिकटतो. "क्षितिज"मध्ये तर आधी क, मग क्ष, आणि मग वेलांटी उडी मारून डाव्या बाजूला जाते. 2023 मध्ये युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम आला, पण तुमचं सॉफ्टवेअर तो पाळतं का हे तुम्हालाच बघावं लागतं. म्हणून नवीन काहीही घेतलं की आधी हे दोन शब्द टाइप करा, टाइपरायटर इफेक्ट लावा आणि एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा.

आफ्टर इफेक्ट्स या कामात सगळ्यात मुरलेलं आहे, त्यातली टेक्स्ट ॲनिमेटरची पद्धत 2003 च्या 6.0 पासूनची. ॲनिमेट मेनूतून पोझिशन, ओपॅसिटी, रोटेशन काय हवं ते घ्यायचं, रेंज सिलेक्टरचा (इफेक्ट किती अक्षरांवर लागायचा ते ठरवणारा) स्टार्ट किंवा ऑफसेट कीफ्रेम करायचा, म्हणजे कोणत्या वेळी किती हे नोंदवायचं, आणि बेस्ड ऑनमध्ये कॅरेक्टर, वर्ड किंवा लाइन निवडायचं, बस. ॲडव्हान्स्डमध्ये शेप रॅम्प अप करा आणि ईझ लो वाढवा म्हणजे अक्षरं धाडकन न येता एकामागोमाग अलगद येतात, आणि खरा टाइपरायटर हवा असेल तर शेप स्क्वेअर ठेवून स्मूदनेस शून्य करा. रँडमाइझ ऑर्डर आहे, विगली सिलेक्टर आहे, प्रत्येक अक्षर थ्रीडीत फिरवता येतं. इतका बारीक कंट्रोल बाकी दोघांत इतक्या सहज मिळत नाही, हे माझं स्पष्ट मत. जुनं व्हर्जन असेल तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडून सॉफ्टवेअर रीस्टार्ट करा, नाहीतर जोडाक्षरं मुळातच तुटलेली दिसतात.

पण जोडाक्षरं नीट दिसली तरी शिरोरेषा उरतेच. अक्षरं खालून वर येणार असतील तर रेषा पायऱ्यापायऱ्यांनी तुटते, ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) ॲनिमेट केलं तर मधे फटी पडतात, आणि फेड इन करताना दोन अक्षरांच्या रेषा जिथे एकमेकांवर येतात तिथे गडद ठिपके दिसतात. ठिपके दिसले तर मोअर ऑप्शन्समधलं इंटर-कॅरेक्टर ब्लेंडिंग बदलून बघा. बाकीसाठी मी सरळ सांगेन, मराठीत उड्या मारणारी अक्षरं टाळा, बेस्ड ऑन वर्ड ठेवा, शब्द अख्खा येतो, रेषा सलग राहते आणि वाचणाऱ्याला त्रासही होत नाही. अक्षरागणिकच हवं असेल तर सोर्स टेक्स्टलाच, म्हणजे मूळ मजकुरालाच, कीफ्रेम द्या: "स्वा", मग "स्वातं", मग "स्वातंत्र्य". प्रत्येक कीफ्रेमला शब्द नव्याने जुळतो त्यामुळे काही तुटायचा प्रश्नच येत नाही, फक्त अलाइनमेंट डावीकडे ठेवा म्हणजे शब्द सरकत नाही. लांब वाक्याला हे कंटाळवाणं आहे, पण टायटल चार शब्दांचंच असतं ना.

अडचण पैशांची, दर महिन्याचं सबस्क्रिप्शन. क्लायंटचं काम नियमित येत असेल तर ते निघून येतं, महिन्यात एखादा व्हिडिओ करणाऱ्याला नाही परवडत.

त्यांच्यासाठी डाविंची रिझॉल्व्ह. फ्यूजन हा त्यातला ॲनिमेशन-इफेक्ट्सचा भाग 2018 मध्ये रिझॉल्व्ह 15 सोबत आत आला आणि फ्री व्हर्जनमध्येही आहे. टेक्स्ट प्लस हे टायटलचं टूल घ्या, स्टाइल्ड टेक्स्टच्या बॉक्सवर राइट क्लिक करून फॉलोअर (अक्षरं एकामागोमाग हलवणारा) निवडा, आणि मॉडिफायर्स टॅबमध्ये जाऊन अक्षरांमधला डिले द्या. ऑर्डरमध्ये डावीकडून उजवीकडे, मधून बाहेर, रँडम असे पर्याय आहेत. साध्या टाइपरायटरला तेही नको, राइट ऑनचा स्लायडर कीफ्रेम केला की झालं. मराठीत मात्र वरची दोन शब्दांची चाचणी केल्याशिवाय फॉलोअरच्या भरवशावर राहू नका, आणि चाचणीत तुकडे दिसले तर एडिट पेजवर टेक्स्टची क्लिप ब्लेडने कापून प्रत्येक तुकड्यात एकेक अक्षर वाढवत जा, प्रकार सोर्स टेक्स्टचाच. एडिटिंग तिथेच करत असाल तर टायटलसाठी दुसरं सॉफ्टवेअर उघडावं लागत नाही, हा फायदा फार मोठा.

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ताकदवान आहे, पण फक्त टायटलसाठी शिकायला घेऊ नका. जॉमेट्री नोड्समध्ये (ठोकळे जोडून आकार घडवायची त्यातली पद्धत) स्ट्रिंग टू कर्व्ह्ज नावाचा नोड आहे, तो प्रत्येक अक्षराचा वेगळा इन्स्टन्स (सुटा आकार) देतो आणि इंडेक्सवरून, म्हणजे अक्षराच्या क्रमांकावरून, प्रत्येकाला उशीर देता येतो, इंग्लिशसाठी मजा येते. देवनागरी जुळणीची तक्रार तिथे वर्षानुवर्षांची, वेलांटी चुकीच्या जागी आणि हलन्त उघडा. त्यावर पक्का मार्ग म्हणजे इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहायचा, त्याचा पाथ (रेषांचा आकार) करायचा, स्वा-तं-त्र्य असे गट आपल्या हाताने करायचे आणि एसव्हीजी ब्लेंडरमध्ये आणायचं. वेळ लागतो, पण जाड, चकचकीत थ्रीडी टायटल हवं असेल तर तो वेळ द्यायलाच हवा.

फॉन्टचंही आत्ताच ठरवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षर तुटत नाही म्हणून बरेच जण अजून तेच वापरतात, पण तिथे काना आणि अर्धं अक्षर ही वेगळी कॅरेक्टर्स असतात, त्यामुळे अक्षरागणिक ॲनिमेशनला काना एकटाच खाली पडतो. मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, युनिकोड आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट.

तर यूट्यूब चॅनल आणि कमी बजेट असेल तर रिझॉल्व्ह, टायटल्सचं काम पोटापाण्याचं असेल तर आफ्टर इफेक्ट्स, आणि ब्लेंडर आधीच येत असेल तरच ब्लेंडर.