भावाच्या भविष्याची आखणी: फी भरून घेतलेल्या सेवेचा वर्षभरानंतरचा अनुभव

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलांच्या पालकांना 'पुढचं नियोजन' करून देणारे सल्लागार पुण्यात आता बरेच झालेत. आम्ही माझ्या धाकट्या भावासाठी त्यातल्या एकाकडे गेलो, त्याला वर्ष होत आलं. नाव देत नाही, कारण तक्रारही आहे. पण आमच्या सिंहगड रोडच्या पालकगटात "पैसे देऊन हे करून घ्यावं का?" हा प्रश्न सारखा निघतो, म्हणून सविस्तर लिहिते.

भाऊ चौतिशीतला. कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या आणि फायली बनवतो. दिवाळीच्या तोंडावर पणत्यांचं काम निघतं तेव्हा महिनाभर त्याची नखं निळी-सोनेरी असतात. पैसे मोजता येत नाहीत, पण पाकीट कुणाचं आहे ते बरोबर कळतं. आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे.

या सेवेचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे त्यांनी लावून दिलेला क्रम. पहिल्या बैठकीत त्यांनी फंड-विम्याचा विषयच काढला नाही. विचारलं, कायदेशीर पालक कोण? अठरा पूर्ण झाली की आई-वडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बाबांना खरंच वाटेना. बौद्धिक अक्षमतेसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीच्या राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ च्या कलम १४ खाली पालक नेमण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पालक म्हणून नाव कुणाचंही सुचवता येतं, म्हणून बाबांनी माझं दिलं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधीच काढलेलं असल्यामुळे तिथे अडलं नाही. समितीपुढे भावाला विचारलं, "ताईकडे राहायला आवडेल?" तो म्हणाला, "टीव्ही लहान आहे तिचा. पण चालेल." समितीतल्या बाई हसल्या आणि ते त्यांनी लिहूनही घेतलं.

पालकत्व म्हणजे नुसता कागद नव्हे, हे मात्र सल्लागारांनी नीट बजावलं. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. त्यांनी करून दिलेलं एक्सेल मी अजून वापरते. कार्यशाळेचा स्टायपेंडही त्यात येतो.

समितीने दिलेल्या पालकत्व प्रमाणपत्राचा पहिला उपयोग बँकेत झाला, तोही भांडून. काउंटरवरच्या साहेबांचं म्हणणं, "कोर्टाची ऑर्डर आणा." हे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेचं २००७ चं परिपत्रक आहे. सल्लागारांनी त्याची प्रत फायलीत आधीच घालून ठेवली होती. फीचे निम्मे पैसे मला तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

दुसरी मोठी गोष्ट पेन्शनची. बाबा केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त. अपत्य दिव्यांग असेल आणि स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल, तर त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. उत्पन्नाचा निकष २०२१ मध्ये सैल झालाय. पण त्याचं नाव निवृत्तिवेतनधारक हयात असतानाच मंजूर करून घेता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे माझ्या गळ्यात पडणारी धावपळ बाबांच्या सहीने आत्ताच मिटली. सरकारी पेन्शन असलेल्या घरांनी दुसरं काही नाही केलं तरी एवढं कराच. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्न मर्यादा इतकी कमी आहे की पेन्शनर घर त्यात बसतच नाही, तो विषय दोन मिनिटांत संपला.

राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्याला सल्लागार लागत नाही. लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, ओपीडी आणि थेरपीही धरलेली. दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना नोंदणी ५०० रुपये, नूतनीकरण २५०. कॅशलेस नाही: आधी खिशातून भरायचे, मग बिलं पाठवायची. मार्चअखेर नूतनीकरण विसरू नका. एखाद्या पालक संस्थेत जा, अर्ज तिथेच भरून देतात. यासाठी आमच्याकडून वेगळी 'प्रोसेसिंग फी' घेतली, ती मला पटली नाही.

आता तक्रारी. तिसऱ्या बैठकीत पॉलिसी निघालीच. प्राप्तिकराच्या कलम ८०डीडीची वजावट दाखवली: ७५ हजार, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. ही वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही आणि मी नव्या प्रणालीत आहे, हे मीच त्यांना सांगितलं. त्यानंतर पॉलिसीचा विषय निघाला नाही, यावरून काय समजायचं ते समजा.

खर्चाचा अंदाजही कच्चा. सगळं गणित आजच्या कार्यशाळेच्या फीवर बेतलेलं. आई-बाबांनंतर तो माझ्याकडे राहिला तर ठीक, पण निवासी संस्थेत राहायची वेळ आली तर? मुळशीतल्या कोळवणला साधना व्हिलेज आहे, प्रौढांसाठीच. अशा ठिकाणचा दरमहा खर्च, अनामत आणि प्रतीक्षा यादी हे धरल्याशिवाय आकड्याला काय अर्थ? आम्ही बसून तो तक्ता पुन्हा केला.

पण खरी बोच वेगळीच आहे. जाडजूड फायलीत पैशांची पानंच पानं, आणि भावाबद्दल एक परिच्छेद: "संगीताची आवड, मनमिळाऊ स्वभाव." हे कुणाबद्दलही लिहिता येईल! शेवटी आईने सांगितलं आणि मी लिहिलं: चहा बशीतच लागतो, वीज कडाडली की पलंगाखाली जातो, ओढून काढायचं नाही, दात दुखला तर सांगत नाही, जेवण टाळतो, तीच खूण, गुरुवारी दत्ताच्या देवळात नेलं नाही तर रात्री झोप नाही. उद्या जो कोणी त्याला सांभाळेल त्याला भावासाठी करायच्या ट्रस्टच्या दस्तापेक्षा ही पानं आधी लागणार. फी घेणाऱ्यांनी हे विचारायला हवं होतं.

ट्रस्टचं काम चांगल्या वकिलाकडे द्या. आमचा फ्लॅट बाबांच्या मृत्युपत्रातून ट्रस्टमध्ये जाईल. हयातीत टाकला असता तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आत्ताच आली असती. सल्लागारांच्या तयार मसुद्यात मी एकटीच विश्वस्त होते. वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "आणि तुम्हाला काही झालं तर?" दुसरा विश्वस्त म्हणून नाशिकच्या मावसभावाने होकार दिलाय. त्याच्या बायकोशी, म्हणजे वहिनीशी, अजून बोलायचंय, आणि ते काम सल्लागारावर सोडण्यासारखं नाही.